तीन-चार बैठकांचं पाळकीय समुपदेशन: शिकायचं कसं आणि थांबायचं कुठं

प्रश्न असा आला आहे: "मी नवापूर तालुक्यात पाळकीय सेवेत आहे. माझ्याकडे चार गावांच्या मंडळ्या आहेत. बायबल कॉलेजात समुपदेशनाचा एकच पेपर होता. लोक घरातली भांडणं, दारू, पोरांची काळजी घेऊन येतात, आणि मी वचन वाचून प्रार्थना करून पाठवतो. थोड्या बैठकांचं, उपायावर लक्ष देणारं समुपदेशन असतं असं ऐकलं. ते मला शिकता येईल का? ते पवित्र शास्त्राला धरून आहे का? आणि किती बैठका घ्यायच्या?"

प्रभूच्या नावात सलाम.

शिकता येईल. मानसशास्त्राची पदवी नसली तरी येईल. पण जे अवघड वाटतं ते यात सोपं आहे आणि जे सोपं वाटतं तेच अवघड आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. प्रश्न कुठले विचारायचे हे दोन दिवसांत पाठ होतं. समोरचा बोलत असताना मनात तयार झालेला उपदेश गिळायला मात्र वेळ लागतो, आणि आपल्याला तर उपदेश करायचंच शिक्षण मिळालेलं असतं.

ही पद्धत अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९७८ साली सुरू झालेल्या एका कुटुंब-उपचार केंद्रात आकाराला आली. स्टीव्ह डी शेझर आणि मूळ कोरियाच्या इन्सू किम बर्ग हे नवरा-बायको तिथे काम करत. भेटी चालू असताना त्यांचे सहकारी काचेपलीकडून पाहत, आणि कोणत्या प्रश्नानंतर माणूस हलतो, कोणत्या प्रश्नानंतर गप्प होतो, हे टिपत. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की अडचणीचं मूळ खणून काढल्याशिवाय माणूस पुढे जाऊच शकत नाही, असं काही नाही. अडचण नसते किंवा कमी असते असे क्षण प्रत्येकाच्या आयुष्यात असतात. ते शोधून वाढवले तर बऱ्याच वेळा तेवढ्याने भागतं. १९९० च्या दशकात पाळकीय समुपदेशन शिकवणाऱ्यांनी ही रीत उचलली, कारण पाळकाकडे येणारा माणूस वर्षभर दर आठवड्याला येत नसतो.

आपल्याकडे तर तो येऊच शकत नाही. दसरा-दिवाळी झाली की नवापूर, साक्री, अक्कलकुव्याकडची अर्धी घरं ऊसतोडीला बारडोली-सुरतकडे नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात जातात, ती आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास परतायची. नवरा-बायकोचं बिनसलं म्हणून ऑक्टोबरात तुमच्याकडे आलेलं जोडपं पंधरा दिवसांत कोयता घेऊन निघणार असतं. तीन भेटी मिळाल्या तरी पुष्कळ. तेव्हा कमी बैठका ही आपल्याकडची परिस्थितीच आहे, आणि त्या तीन भेटींत नेमकं काय करायचं हे शिकण्यासारखं आहे.

शास्त्राला धरून आहे का, याचं उत्तर मी २ राजे ४ मधल्या विधवेपासून देतो. सावकार तिची दोन मुलं गुलाम म्हणून न्यायला आलेला असतो. अलीशा तिला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आणि लगेच दुसरं विचारतो, तुझ्या घरात काय आहे ते सांग. ती म्हणते, काही नाही, एक तेलाची कुपी तेवढी आहे. कर्ज कसं झालं, नवऱ्याने कुठे चुकवलं, यावर अलीशा एक शब्द बोलत नाही. तो त्या कुपीपासून सुरुवात करतो. चमत्कार देवाचाच आहे, पण भांडी शेजाऱ्यांकडून मागून आणायची तिने, आणि दार लावून तेल ओतायचंही तिनेच. बेथेस्दाच्या तळ्याशी अडतीस वर्षं पडलेल्या माणसालाही प्रभूने आधी विचारलं की तुला बरं व्हायचं आहे का. ज्याला सगळं ठाऊक आहे तो जर विचारतो, तर आपण न विचारता उत्तर कसं द्यायचं?

तरीही एक मर्यादा सांगून ठेवतो. ही बोलण्याची रीत आहे, ती सुवार्ता नाही. पापाची कबुली घेऊन कुणी आला, रडत आला, तर त्याला 'असं कधी घडलं नव्हतं ते दिवस आठवा' म्हणू नका. त्याला क्षमेचं वचन ऐकवायचं असतं. आणि ज्याच्या घरात नुकतं मयत झालंय त्याच्यापुढे उपायाचं नावही काढू नका. ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले होते तोवर ते चांगले मित्र होते.

आता प्रत्यक्ष बोलणं कसं होतं ते पाहा. नावगाव आणि खुणा बदलून एक भेट सांगतो. पन्नाशीचे कापूसवाले शेतकरी, मंडळीतले वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांतले एक. म्हणाले, "पोरगा चार महिन्यांपासून माझ्याशी बोलत नाही. तुम्ही त्याला बोलवा आणि वचन सांगा." मी विचारलं, "मी सांगितलं आणि त्याने ऐकलं असं धरू. मग घरात काय वेगळं दिसेल?" ते म्हणाले, "माफी मागेल." "माफी मागून झाली. दुसऱ्या दिवशी काय दिसेल?" बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एका टायमाला जेवायला बसू."

इथे बैठकीचं ध्येय मिळालं. माफी हे ध्येय नव्हतं, कारण ती दुसऱ्याने मागायची होती. सोबत जेवणं दिसण्यासारखं आहे, आणि त्यात त्यांनाही काही करता येतं.

पुढे विचारलं, "या चार महिन्यांत, अगदी थोडा वेळ का होईना, तुमचं दोघांचं जमलं असं कधी झालं?" ते लगेच "नाही" म्हणाले. बहुतेक सगळेच आधी नाही म्हणतात. इथे घाई करून पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नका, थांबा. थोड्या वेळाने ते म्हणाले, "विहिरीतली मोटर जळाली होती. ती वर काढायला तो आला. मला म्हणे, आप्पा, सरका, मी धरस." "मग?" "मग काय, दोन तास सोबत होतो. पान्हा दे, दोर ओढ, असंच बोलणं." "त्या दोन तासांत तुम्ही काय वेगळं केलं?" हा प्रश्न त्यांना अपेक्षित नव्हता. म्हणाले, "मी शिकवत बसलो नाही. मोटरचं त्याला माझ्यापेक्षा कळतं."

हे वाक्य मी उच्चारलं असतं तर त्यांनी ऐकूनही घेतलं नसतं. ते त्यांच्याच तोंडून आलं, म्हणून टिकलं.

यानंतर मोजपट्टीचा प्रश्न येतो. पुस्तकांत शून्य ते दहा असते. शाळकरी पोरांना ती चालते, पण आपल्या जुन्या माणसांना मी आण्यांत विचारतो: "रुपयाभर म्हणजे पूर्वीसारखं सगळं नीट. आज किती आणे आहे?" ते म्हणाले, "चार आणे." नवशिक्या समुपदेशक इथे विचारतो, बारा आणे का कमी? तुम्ही विचारा, "हे चार आणे कशाचे? शून्य का नाही?" मग माणूस जे उरलं आहे ते मोजू लागतो: पोरगा घरातच राहतो, आईशी बोलतो, शेतात येतो. मग विचारायचं, "पाच आणे झाले हे कशावरून कळेल?" रुपया होण्याचं विचारू नका. एका आण्याचंच विचारा. ते म्हणाले, "ठिबकच्या नळ्या टाकायच्या आहेत. त्याला विचारीन कशा टाकू." तेवढंच काम घेऊन ते गेले. पोराला बोलावून वचन सांगायची पाळी माझ्यावर आली नाही.

भेट संपवण्याआधी दोन-पाच मिनिटं थांबायचं असतं. मूळ पद्धतीत समुपदेशक बाहेर जाऊन विचार करतो आणि परत येऊन माणसाचं जे चांगलं दिसलं ते त्याला सांगतो, मग एखादं छोटं काम देतो. आपण पाणी प्यायला उठावं, मग प्रार्थना करावी. पण प्रार्थनेबद्दल कळकळीने सांगतो, कारण आपल्या मंडळ्यांत हे फार होतं. जे तोंडावर बोलायचं टाळलं ते प्रार्थनेत घालू नका. "प्रभू, या बहिणीला सासूपुढे नम्र व्हायला शिकव" ही प्रार्थना नाही, तो डोळे मिटून मारलेला टोमणा आहे, आणि तिला तो बरोबर कळतो. तिने जे मागितलं, तिच्याच शब्दांत, ते देवापुढे ठेवा. तिच्याजवळ जे उरलं आहे त्याबद्दल आभार माना. आणि आमेन म्हणून थांबा.

पुढच्या भेटीचा पहिला प्रश्न "काय झालं?" असा नको. "गेल्या वेळेपासून काय बरं झालं?" असा हवा. काहीच बरं नाही म्हणाले तर दिवस-दिवस विचारा, रविवारी कसं होतं, बाजाराच्या दिवशी कसं होतं. खरंच वाईट झालं असेल तर ते नीट ऐकून घ्या, आणि एवढं असूनही इथवर कसे आलात ते विचारा.

चमत्काराचा प्रश्न या पद्धतीत सगळ्यांत प्रसिद्ध आहे, पण तो तुम्ही सगळ्यांत शेवटी शिका. मूळ प्रश्न असा की, आज रात्री तुम्ही झोपेत असताना चमत्कार झाला, अडचण गेली, पण ते तुम्हाला ठाऊक नाही, तर सकाळी पहिल्यांदा कशावरून कळेल? आपल्या मंडळीत चमत्कार हा शब्द रोजच्या साक्षीतला आहे. तो ऐकला की माणूस हात जोडून तुमच्याकडे बघायला लागतो, की आता पाळकसाहेब करणार. म्हणून मी म्हणतो, "झोपेतच देवाने हे ओझं उचललं आणि कुणाला सांगितलं नाही. सकाळी उठल्यावर तुम्हाला काय वेगळं दिसेल? तुमच्या सासूबाईंना काय दिसेल?" दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला लावलं की उत्तर बारीक येतं. एका सुनेने सांगितलं होतं, "मी चहाचा कप आपटून ठेवणार नाही, हे त्यांना दिसेल." एवढ्या बारीक उत्तरापर्यंत जायचं. 'घरात शांती असेल' इथे सोडून द्यायचं नाही. आणि जिचं लेकरू गेलं आहे तिला हा प्रश्न कधीही विचारू नका. तिचं उत्तर काय येणार हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला एवढंच विचारायचं, "आज उठून चूल पेटवलीत, ते कशाच्या बळावर?" तेही महिन्या-दोन महिन्यांनी.

बसायचं कुठे, हा पुस्तकात नसलेला आणि आपल्याकडे रोज पडणारा प्रश्न. पाड्यावर बंद खोली मिळत नाही, आणि मिळाली तरी पाळकाने एकट्या बाईसोबत तिच्यात बसू नये. अंगणात, झाडाखाली खाट टाकून, घरातून दिसेल पण ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर बसा. घरच्यांना आधीच सांगा की अर्धा-पाऊण तास मध्ये चहा नको. बोलणं घरच्या बोलीत होऊ द्या, अहिराणी असो की मावची. प्रमाण मराठीत विचारलं की माणूस उपासनेतल्यासारखं उत्तर देतो. "कसं वाटस तुले? झोप लागस का?" एवढं विचारलं तरी तो मोकळा होतो. मोटरसायकलवर मागे बसवून झालेलं बोलणं समुपदेशन समजू नका, आणि उपासनेनंतर दारात उभ्या उभ्या झालेलंही नाही. तिथे फक्त वेळ ठरवा.

पाळकीणबाईंनाही हे शिकवा, आणि हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. मंडळीतल्या बायका जे दुःख सांगतात त्यातला मोठा भाग तुमच्यापर्यंत येतच नाही, तो त्यांच्याकडे भाकरी थापताना येतो. त्यांना शिक्षण न देता ते ओझं त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही.

ऐकलेलं प्रवचनात वापरायचं नाही. नाव न घेताही नाही. चाळीस घरांच्या मंडळीत 'एका बहिणीने मला सांगितलं' म्हटलं की सगळ्या माना एकाच बाकाकडे वळतात.

आता थांबायचं कुठं. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चुकलं तर जीव जातो.

नवरा मारहाण करत असेल तर दोघांना एकत्र बसवून ही पद्धत वापरू नका. आणि तिला "ज्या दिवशी त्याने मारलं नाही त्या दिवशी तू काय वेगळं केलं?" असं तर कधीच विचारू नका. एरवी इतका उपयोगी पडणारा हा प्रश्न इथे माराची जबाबदारी तिच्यावर टाकतो. तिची सुरक्षितता आधी: आज रात्री ती कुठे झोपेल, पोरं कुठे असतील, फोन कुणाला करेल. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, ही माहिती तिला एकटीला गाठून द्या.

लेकराशी लैंगिक दुर्वर्तन झाल्याचं कळलं तर ते मंडळीच्या वडीलजनांच्या बैठकीत मिटवण्याचा विषय नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं असतं, आणि पाळकाला त्यातून सूट नाही. गुन्हा करणारा मंडळीतला मोठा माणूस असला तरी नाही. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून ठेवा की तुमचं बोलणं माझ्याकडे राहील, पण कुणाच्या जिवाला किंवा लेकराला धोका असेल तर मी गप्प राहणार नाही.

आत्महत्येचं सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने मनात भरत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाले तर कसं आणि कशाने, हेही विचारा. कापसाच्या गावात फवारणीचं औषध घरातच असतं. ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी, कुलपात गेलं पाहिजे. माणसाला एकटं सोडू नका आणि जिल्हा रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने घरचे आधीचा प्रयत्न लपवतात. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरायचं आहे, शिक्षा करायची नाही.

दारूबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मोहाची आणि देशी दोन्ही आपल्याकडे घरोघरी आहे, आणि आपण लोक उपवास-प्रार्थना ठेवून 'आज सोड' म्हणतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. हात थरथरणं, घाम हे तर काही तासांतच सुरू होऊ शकतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेल्या गोष्टी दिसणं, भ्रम होणं. ते भूत नाही, आणि त्यावर रात्रभर मोठ्याने प्रार्थना करत बसलं तर माणूस दगावू शकतो. सोडायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली. तुमच्या तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती हॉस्पिटल आहे, नंदुरबारला जिल्हा रुग्णालय आहे. आधी तिथे नेऊन विचारा आणि पुढची वाट त्यांच्याकडून घ्या. दारू सुटल्यावर, शुद्धीवर आलेल्या माणसाशी "न पिता गेलेली संध्याकाळ कशी गेली?" हे बोलणं फार कामाचं ठरतं. तोच नियम कानात आवाज येणाऱ्याला आणि फिट येणाऱ्याला: प्रार्थना चालू ठेवा, गोळ्याही चालू ठेवा.

किती बैठका, हे तुम्ही विचारलंत. साधारण तीन ते पाच, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने. पाचव्या भेटीपर्यंत काहीच हललं नाही तर सहावी आपण घेण्यापेक्षा जाणकाराकडे पाठवावं. आणि संपवताना स्पष्ट बोलून संपवा, कारण तो रविवारी समोर बसणारच आहे. समुपदेशन संपलं, पाळकपण चालूच आहे, हे त्याला कळलं की तो तुम्हाला टाळत नाही.

शिकण्यासाठी वेल्लोरचं ख्रिश्चन काउन्सेलिंग सेंटर आणि पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी इथे चौकशी करा. पण अभ्यासक्रमाला जाईपर्यंत थांबायची गरज नाही. अमेरिकेत १९२५ च्या सुमारास अँटन बॉयसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वर्गातून काढून मनोरुग्णालयात रुग्णांजवळ नेलं, आणि तिथून जे शिक्षण उभं राहिलं त्यात पुढे वर्बेटिमची पद्धत रुजली. भेट झाल्यावर, त्याच दिवशी, आठवेल तसं संभाषण शब्दशः वहीत उतरवायचं. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. नाव, गाव बदलून. मग लाल पेनाने स्वतःची वाक्यं वाचायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं: प्रश्न, सल्ला की वचन. पहिल्या वहीत प्रश्न फार थोडे सापडतात, सगळ्यांचंच तसं असतं.

दुसरं, तुमच्याकडे पाळकांची महिन्याची सहभागिता असेल तर तिथे तिघातिघांनी बसा. एकाने स्वतःची खरी पण छोटी अडचण सांगायची, पोराच्या फीची, जुन्या गाडीची. दुसऱ्याने वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे. तिसऱ्याने प्रत्येक सल्ल्याला कागदावर एक रेघ मारायची, आणि शेवटी तो कागद दाखवायचा. मग जागा बदलायच्या. पहिले दोन महिने ध्येय आणि अपवाद, म्हणजे अडचण नसलेले क्षण, एवढ्यावरच रहा, नंतर आण्यांची मोजपट्टी, आणि उदबत्तीच्या वासासारखा सगळ्या बोलण्यात पसरलेला उपदेश विरला असं तिसऱ्या माणसाने सांगितलं की मग देवाने ओझं उचलल्याचा प्रश्न.

ऊसतोडीची माणसं निघायच्या आधी एक-दोन घरांशी वेळ ठरवून ठेवा. ते तिकडे गेल्यावर रविवारी दुपारी फोनवर दहा मिनिटं, "या आठवड्यात काय बरं झालं?" एवढंच विचारायचं. ही सुद्धा बैठकच धरायची. पहिलं वर्बेटिम लिहून झालं की नावं खोडून सहभागितेत घेऊन या, आपण ओळ न् ओळ बघू.